तेलवाल्याच्या गाडीचा पंखा

आमच्या घरात बिजागरी म्हणून कधी वाजली नाही. दार उघडा, कडी काढा, खिडकी लोटा, सगळं मुक्याने. विहिरीचा रहाट फिरला तरी दोर घासल्याचा तेवढा आवाज यायचा. शेजारची गोदाकाकू म्हणायची, "तुमच्याकडे चोर शिरला तर तुम्हांला सकाळीच कळायचं गो." याला कारण माझे बाबा. बाबा मालवाहू जहाजावर तेलवाला होते. जहाजाच्या पोटात, इंजिनाच्या खोलीत, लांब चोचीची तेलाची बुधली घेऊन फिरायचं आणि जिथे लोखंडावर लोखंड घासतं तिथे थेंब सोडायचा, हे त्यांचं काम. अठरा वर्षं त्यांनी ते केलं. घरी रजेवर आले की हात शिवशिवायचे. मग दर शनिवारी, न्याहारीचे घावणे संपले की, मांडवीच्या आमच्या घरात तेलफेरी निघायची. बिजागऱ्या, कड्या, कुलपं, आईचं शिवणाचं मशीन, माझी सायकल, विळीचं पातं जिथे मिटतं तो खिळा. खाऱ्या वाऱ्याने लोखंड दोन पावसाळ्यांत बिस्किटासारखं फुगतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक, त्यामुळे त्यांना कुणी हसत नसे. उलट आळीतले लोक आपापली कुलपं घेऊन यायचे. बाबांचं तेलही खास: अर्धं मशीनचं आणि अर्धं घाण्यावरचं खोबरेल. "नुसतं मशीनचं तेल वाऱ्याने सुकतं," ते म्हणायचे. "खोबरेल धरून ठेवतं." आईचं खोबरेल त्यामुळे महिन्याच्या मध्यावरच संपायचं आणि शनिवारी तिची कटकट ठरलेली असायची.

त्या वर्षी बाबा कायमचे घरी आले, निदान तसं म्हणत आले. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, फिजिक्स घेऊन. तोपर्यंत बाबा माझ्या वाट्याला एकूण किती दिवस आले असतील, याची मी एकदा वहीत बेरीज केली होती आणि मग ते पान फाडून टाकलं होतं, कारण उत्तर फार लहान आलं. एकुलती एक मुलगी मी, पण मला त्यांच्याबद्दल साध्या साध्या गोष्टी माहीत नव्हत्या. ते चहा बिनसाखरेचा घेतात, कारल्याची भाजी मागून घेतात, उजव्या कुशीवर झोपले की घोरतात, हे मला वयाच्या विसाव्या वर्षी कळत होतं. जेवताना ते डाव्या हाताने ताट घट्ट धरून ठेवायचे. जहाज हलतं ना, त्याची सवय. बांगड्याचं तिखलं आणि भाकरी पुढे असायची, आणि ताट धरलेलं. आई हसायची, "अहो, सोडा ते ताट. मांडवी कुठे जात नाय." ते सोडायचे आणि दोन घासांनी हात पुन्हा तिथेच. मी हे सगळं बघत बसायचे. एखादा प्रयोग बघावा तसं मी माझ्या बापाला बघत होते, आणि मला तो फार आवडत चालला होता. हे असं लिहायला आता संकोच वाटत नाही. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मेले असते लाजेने.

कायमचं राहायचं म्हणजे काहीतरी करायला हवं, म्हणून त्यांनी एका डॉक्टरांची जुनी छोटी पांढरी गाडी घेतली. लग्नाची वऱ्हाडं, सिव्हिल हॉस्पिटलात न्यायचे पेशंट, एस.टी. चुकलेले लोक, असं भाडं ते करायचे. आणि त्याच सुमाराला मुंबईहून कंपनीच्या ऑफिसाचं पत्र आलं: जुनी, अनुभवी माणसं हवी आहेत, परत यायचं असल्यास महिनाअखेरीस कळवावे. बाबांनी ते वाचलं, घडी घातली आणि देवघराच्या फळीवर ठेवलं. जेवताना म्हणाले, "गाडी चालली तर मी इथे. नाय चालली तर जहाज आहेच. बसून खाणारा माणूस मी नव्हे." आई आमटीत पळी फिरवत राहिली. मी मात्र त्या दिवसापासून त्या गाडीकडे माणसासारखं बघायला लागले. तिने चालायला हवं होतं. बस्स, माझी एवढीच मागणी होती देवाकडे.

त्या गाडीत एक गंमत होती, जिच्यापायी मी तासन्‌तास ओटीच्या पायरीवर बसायचे. बाबा गाडी अंगणात आणायचे, किल्ली काढायचे, उतरायचे, दार लावायचे. सगळं गप्प. आणि मग, सगळं बंद झाल्यावर, बॉनेटच्या आत कुणीतरी जागं व्हायचं. घर्रर्र करून पंखा सुरू. मिनिट-दीड मिनिट फिरायचा आणि आपल्या मनाने थांबायचा. ना कुणी बटण दाबलं, ना कुणी सांगितलं. मी विचारलं, "बाबा, हा आपोआप कसा लागतो?"

"इंजिन गरम झालं की लागतो."

"पण गरम झालं हे त्याला कळतं कसं?"

"कळतं."

"कसं पण?"

"अगो, कळतं म्हणजे कळतं. तुझ्या आईला नाय कळत दूध उतू चाललंय ते?"

आई आतून तांदूळ निवडत होती. तिथूनच म्हणाली, "मला कळतं कारण मी चुलीपुढे उभी असते. तिथे कोण उभं असतं?" बाबांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हातपाय धुवायला विहिरीवर निघून गेले. आपल्या घरातल्या बायका फार प्रश्न विचारतात, असं त्यांनी त्या संध्याकाळी गोदाकाकूच्या नवऱ्याला सांगितल्याचं आम्हांला नंतर कळलं.

आता माझ्या गाडीत समोर पडदा असतो. काय बिघडलं ते तो लिहून दाखवतो, आणि मेकॅनिक म्हणतो, "ताई, अख्खा सेटच बदलू." चांगलं आहे. वेळ वाचतो. पण माझा राग असा की त्या पोराला मी विचारलं, काय झालंय नेमकं आतल्या आत, तर तो म्हणाला, "ते कोण बघतं?" मी बघते ना, मेल्या! असं मनात म्हटलं आणि बिल भरून आले.

तर वैशाखात नाटे गावचं एक लग्न मिळालं. नवऱ्याची आत्या, दोन करवल्या आणि आहेराच्या पिशव्या असं वऱ्हाड आमच्या गाडीत, बाकीची मंडळी पुढे बसमध्ये. पावस गावाच्या पुढच्या चढणीवर, भर बाराला, इंजिनाच्या गरमपणाचा काटा चढायला लागला तो लाल रेघेपर्यंत गेला. बाबांनी गाडी कडेला घेतली तोवर बॉनेटमधून वाफ. पंखा ढिम्म. बाबांना ठाऊक होतं की झाकण लगेच उघडायचं नसतं आणि गरम इंजिनात थंड पाणी ओतायचं नसतं. ते म्हणाले, थोडं निवू द्या, मग पाणी घालू. पण पाणी कुठे? आत्याबाईंच्या मांडीवर पाण्याने भरलेला तांब्या, वर नारळ, हळदीकुंकू लावलेला. बाबांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं तर आत्याबाईंनी तांब्या पदराखाली घेतला. "हे शुभकार्याचं पाणी आहे हो, गाडीला नाय मिळायचं." मुहूर्ताची वेळ जवळ येत चाललेली. शेवटी नाट्याच्या बंदरावर बर्फ घेऊन जाणारा मासळीचा टेम्पो आला, त्यात आत्याबाई पैठणीसकट चढल्या. मुहूर्ताला पोचल्या, पण त्यांना घमघमाट सुटला होता तो अक्षतांनाही झाकता आला नाही. ही गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवीत पोचली आणि दुपारपर्यंत तिला शेपट्या फुटल्या. पुढची दोन लग्नं आम्हांला मिळणार होती, ती दुसऱ्या गाडीला गेली. त्या रात्री बाबा जेवताना ताट दोन्ही हातांनी धरून बसले होते.

मेकॅनिकने बघून सांगितलं की पंख्याची मोटर गेली, मुंबईहून नवीन मागवावी लागेल, महिना तरी धरा. बाबा म्हणाले, मी अठरा वर्षं घराएवढी इंजिनं सांभाळली, ही करंड्याएवढी मोटर माझं ऐकत नाय म्हणजे काय! मग त्यांनी जे त्यांना येत होतं ते केलं. गाडी आल्यापासून शनिवारच्या तेलफेरीत तिच्या पंख्यालाही तेल मिळत होतं, ते आता रोज. रोज सकाळी बॉनेट उघडायचं, पंखा हाताने फिरवून बघायचा आणि मोटरच्या पाठीला हवेसाठी जी दोन बारीक भोकं होती त्यांत बुधलीची चोच घालून तेल सोडायचं. चोच त्या भोकात अशी नेमकी बसायची की बघणाऱ्याला वाटावं, तेल घालायलाच ठेवलंय ते. पंखा हाताने छान फिरायचा, आपल्या आपण फिरायचा नाही. मी एकदा म्हटलं, "बाबा, मी बघू?" तर म्हणाले, "तू अभ्यास कर." पाचव्या दिवशी त्यांनी माळ्यावरची ट्रंक काढून उन्हात उघडी टाकली. फळीवरचं पत्र खाली आलं, पाटाशेजारी ठेवलं गेलं. आणि त्या दुपारी घरभर भाजणीचा वास सुटला. आई कढईत धान्यं भाजत होती, उलथन्याचा खरखर आवाज एका लयीत चाललेला. भाजणी, सुक्या जवळ्याची चटणी, आमसुलं, हे ती फक्त बाबा निघायचे असले की करायची. तिने कुणाला विचारलं नव्हतं, तिला कुणी सांगितलंही नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि मला रडू फुटलं. मला नको होतं त्यांनी जायला. इतकं साधं होतं ते.

नेमकं त्याच आठवड्यात बाबांना दाभोळला मावसबहिणीकडे पूजेला जायचं होतं, दोन दिवस. सकाळच्या एस.टी.ने ते गेले. वळणावरून बस दिसेनाशी झाली आणि मी आईला म्हटलं, "मी तो पंखा उघडणार आहे." मला वाटलं ती ओरडेल. ती पदर खोचत म्हणाली, "मग लवकर कर. ऊन चढलं की अंगणात उभं राहवत नाय."

मी काही मेकॅनिक नव्हते. पण कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक शिकले होते: कुठे चुकलंय ते शोधताना एका वेळी एकच प्रश्न विचारायचा. पहिला प्रश्न, पंख्याला गरमपणा कळतो कसा. इंजिनाशी, जिथे पाण्याची नळी येते तिथे, एक पितळी नटासारखी वस्तू बसवली होती, वर दोन तारा. हाच तो चुलीपुढे उभा राहणारा! आत दोन वेगळ्या धातूंची पट्टी असते, तापली की वाकते, वाकली की वीज जोडली जाते. मी आईला हे सांगितलं तर ती वाकून बघायला लागली. "एवढंसं? आणि हा बघतो होय दूध?" आम्ही त्याच्या तारा काढून एकमेकींना जोडल्या, म्हणजे त्याचा कारभार मधून वगळला, आणि किल्ली फिरवली. पंखा हलला नाही. म्हणजे हा बिचारा निर्दोष. दुसरा प्रश्न, मोटरपर्यंत वीज येते का. मागच्या दिव्याचा एक बल्ब काढून दोन तारांना लावला आणि आईच्या हातात दिला. "धर. पेटला तर सांग." तिने तो पणतीसारखा दोन्ही हातांत धरला. मी तारा टेकवल्या आणि आई केवढ्यांदा ओरडली, "पेटला गो!" गोदाकाकू कुंपणापाशी आली. वीज दाराशी आलेली होती, आत शिरत नव्हती. म्हणजे रोग मोटरीत.

बॅटरीची तार सोडली आणि चार बोल्ट काढून पंखा खाली उतरवला. आईने सूप आणून दिलं. जे सुटेल ते सुटेल त्या क्रमाने सुपात, डावीकडून उजवीकडे, नाहीतर परत जोडताना एक वस्तू उरते आणि ती कुठली ते देवालाही सांगता येत नाही. मोटरचं मागचं झाकण घट्ट होतं, ते निघालं तेव्हा आधी वास आला. जळकट, गोडूस. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. तो वास आमच्या घरात ओळखायला वेळ लागत नव्हता. खोबरेल. आत सगळा काळा चिखल झाला होता. त्या मोटरीत तांब्याचं एक फिरतं कडं असतं, त्यावर कोळशाचे दोन छोटे ठोकळे टेकलेले असतात, मागून स्प्रिंग त्यांना दाबून धरते. ठोकळे कड्यावर घासतात आणि त्या घासण्यातूनच वीज आत जाते. ठोकळ्यांची पूड तेलात कालवून तिचं काजळ झालं होतं. एक ठोकळा आपल्या घरट्यात चिकटून बसला होता, कड्याला टेकतच नव्हता.

"ह्यांनीच बिघडवला," आई हळूच म्हणाली आणि पायरीवर बसली. मीही बसले.

मग कामाला लागलो. चूल लांब, ऊन भरपूर, वारा चालू, तेव्हा वाटीभर पेट्रोलमध्ये चिंधी भिजवून सगळं पुसून काढलं. कड्यावर जे तांब्याचे तुकडे असतात त्यांच्या मधल्या फटी फार बारीक, तिथे चिंधी जात नाही. आईने खराट्यातला एक हीर मोडून, टोक तासून दिला. माडाच्या त्या हिराने एकेक फट कोरून काढली. बारीक पॉलिशपेपर फिरवला तसं तांबं लख्ख गुलाबी झालं. ठोकळे घरट्यात खालीवर सरकायला लागले. तासभर उन्हात वाळवून, मोटर पायाखाली दाबून बॅटरीला जोडली, आणि पंखा असा सुसाट सुटला की सुपातल्या वायसर उडाल्या. फक्त तो उलटा फिरत होता. तारा मी उलट लावल्या होत्या. आई म्हणाली, "फिरला ना? मग त्याला दिशा दाखव." संध्याकाळपर्यंत सगळं जागेवर बसवलं. इंजिन सुरू ठेवून, हात लांब ठेवून, आम्ही दोघी वाट बघत उभ्या राहिलो. काटा अर्ध्याच्या जरा वर गेला आणि घर्रर्र. मी आईला मिठी मारली. तिच्या हातांना पेट्रोलचा वास येत होता, ती मला दूर ढकलत होती आणि हसत होती.

जेवताना मात्र ती म्हणाली, "ह्यांना सांगू नकोस. अठरा वर्षं त्या माणसाने तेल घातलं. तेवढाच मान आहे त्यांना. तो काढून घेऊ नकोस." मी मान डोलावली. ते मला पटलंही.

बाबा दाभोळहून आले, गाडी सुरू केली, पंखा लागला. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. "बघितलंस?" ते म्हणाले. "मी काय सांगत होतो? तेल मुरायला वेळ लागतो." ट्रंक परत माळ्यावर गेली. पत्र फळीवर गेलं. कंपनीला नकार कळवतो म्हणाले, रविवारी निवांत बसून. आईने भाजणीचं थालीपीठ लावलं, वर लोण्याचा गोळा. मला वाटलं, जिंकले मी.

आणि मग शनिवार आला. घावणे झाले. बिजागऱ्या झाल्या, मशीन झालं, सायकल झाली. बाबा बुधली घेऊन गाडीकडे निघाले तशी मी मागोमाग गेले. आता तेल गेलं की आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा तेच, पुन्हा कुठल्यातरी चढणीवर, आणि मग ट्रंक काही माळ्यावर राहणार नव्हती. रोज त्यांच्या पाठीमागे मोटर उघडून पुसायची का मी? आई दारात उभी होती, डोळ्यांनी नको म्हणत होती. बाबांनी बॉनेट उघडलं. चोच भोकाशी नेली.

"बाबा, थांबा."

मी सगळं सांगितलं. सांगताना त्यांच्याकडे बघवेना, म्हणून बुधलीकडे बघत होते. चोचीला एक थेंब लोंबत होता. बाबांनी तो बोटाने टिपला. मग म्हणाले, "म्हणजे मी बिघडवला."

"हो."

"आणि तू नीट केलास."

"मी आणि आईने."

बाबा गाडीच्या बाजूला टेकले. मला वाटलं, आता ओरडतील, किंवा नेहमीसारखे विहिरीवर निघून जातील. त्यांनी बुधली खाली ठेवली आणि विचारलं, "का गो? तेल का नको तिथे?" बाबांनी मला काही विचारल्याची ती पहिली वेळ. मी म्हटलं, तिथे घासणं हेच काम आहे, ते ठोकळे घासले नाहीत तर वीज जाणार नाही. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "जहाजावर मोटरींना हात लावायची आम्हांला मनाई. तिथला इलेक्ट्रिशियन साहेब म्हणायचा, तेलवाला, दूर हो. का, ते त्याने सांगितलं नाय. मीही विचारलं नाय. मला वाटायचं, मान जातो त्याचा, म्हणून हाकलतो. अठरा वर्षं मी घासू नये म्हणून फिरलो, आणि बाजूलाच असं यंत्र होतं की ज्याला घासायचंच असतं!" आणि ते हसायला लागले. मी घाबरून आईकडे बघितलं. ती पदराने डोळे पुसत होती.

त्या दुपारी त्यांनी चांगली चाललेली मोटर मला परत उघडायला लावली. जेवण तसंच झाकून ठेवलेलं. अंगणात चटई घातली, सूप घेतलं, आणि बाबा उकिडवे बसून प्रश्न विचारत होते. हे फिरतं का? दोनच ठोकळे का? उलट तारा लावल्या तर उलट का फिरतं? तो पितळी नट उकळत्या पाण्यात टाकून बघू का? आईने खरंच पातेल्यात पाणी ठेवलं, आणि आम्ही बल्ब जोडून तो नट दोरीने पाण्यात सोडला. पाणी तापत गेलं आणि बल्ब पेटला. बाबांनी टाळी वाजवली. बाहेर काढला, निवला, विझला. पुन्हा सोडला. सात-आठ वेळा तरी त्यांनी ते केलं. आई म्हणाली, "आता बास, तो शिजेल." मी जन्मात पुष्कळ मुलांना फिजिक्स शिकवलं. कुणीही इतके प्रश्न विचारले नाहीत. त्या दुपारी मला बाप मिळाला असं म्हटलं तर ते नाटकी वाटेल, पण तेच झालं. मला पक्कं वाटलं की आता हे कुठे जात नाहीत.

रविवारी त्यांनी पत्र लिहिलं. चिकटवण्याआधी मला वाचायला दिलं. येतो म्हणून लिहिलं होतं.

मी कागद तसाच धरून उभी राहिले. "गाडी तर चालतेय," मी म्हटलं. "तुम्हीच म्हणालात, चालली तर राहीन."

"चालतेय गो. छानच चालतेय." ते खाली बघत होते. "पण तिथे किती मोटरी आहेत ठाऊक आहे? पंपाला मोटर, हवेच्या पंख्यांना मोटर, वीज करणारं यंत्र तर ह्या खोलीएवढं. अठरा वर्षं त्यांच्या बाजूने गेलो आणि एकही नीट बघितली नाय. आंधळ्यासारखा गेलो बाय. एकदा डोळे उघडे ठेवून जाऊन येतो. एकच फेरी."

"म्हणजे मी सांगितलं म्हणून तुम्ही चाललात."

"सांगितलंस ते बरं केलंस," ते म्हणाले, जणू मी तेच विचारलं होतं.

मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. पंखा दुरुस्त केला त्या हातांना शिव्या घातल्या. आईचं ऐकलं असतं, गप्प बसले असते, तर दर पंधरा दिवसांनी मोटर पुसत का होईना, पण बाप घरात राहिला असता. निघायच्या दिवशी ते माझ्या डोक्यावर हात ठेवायला आले तेव्हा मी न्हाणीत जाऊन बसले आणि अंगावर पाणी ओतत राहिले. आई एकटीच स्टँडवर गेली. परत आल्यावर म्हणाली, "विचारत होते तुला." मी म्हटलं, विचारू देत.

आजवर बाबांची पत्रं यायची ती आईच्या नावाने, चार ओळींची. इकडे सर्व ठीक, हवा बरी, प्रकृतीला जपा, पोरीला आशीर्वाद. तीन महिन्यांनी पोस्टमनने पाकीट दिलं त्यावर माझं नाव होतं, पहिल्यांदाच. मी ठरवलं होतं उघडायचं नाही. आई म्हणाली, मग मी चुलीत घालू का, तेव्हा उघडलं. आत पाच पानं. क्षेमकुशल नाही, हवा नाही, आशीर्वाद नाही. पेन्सिलीने काढलेलं मोटरीचं चित्र, बाण, बाणांपुढे अंक. आणि शेवटी लिहिलं होतं: मोठा पंप सुरू होतो त्या क्षणाला खोलीतले सगळे दिवे मंद होतात आणि लगेच पुन्हा नीट पेटतात. पंप चालू असेपर्यंत मग काही होत नाही, फक्त सुरू होतानाच. इलेक्ट्रिशियन साहेबाला मी धीर करून विचारलं. तो म्हणतो असंच असतं. मला पटलं नाही. मी त्याला सांगितलं, माझ्या मुलीला विचारतो. तरी असं का होतं ते कळव.

मला ते येत नव्हतं. मी ते दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं, मग कपाटातून पुस्तक काढलं, कोरा कागद घेतला आणि आतून आईने जेवायला हाक मारली तेव्हा तिला ओरडून सांगितलं, "तू जेवून घे. मला वेळ लागेल."